मोहर्लीकडच्या रिसॉर्टमध्ये रिसेप्शनची नोकरी मिळून राहिली, घ्यावी का?

इरई_काठची

नमस्कार. मी भद्रावती तालुक्यातली, गाव ताडोब्याच्या जंगलाकडं, मोहर्लीच्या रस्त्यानं आत. बी.ए. झालं, एमएससीआयटी झाली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंग पास आहे. भरतीचे फॉर्म भरून भरून आता जीव थकला. अशात गावाजवळच्याच एका रिसॉर्टमधून बोलावणं आलं. आमच्या गावच्या बाया तिथं हाउसकीपिंगला जातात, त्यांनीच मॅनेजरला सांगितलं की हिला कॉम्प्युटर येते. पगार बारा हजार, दोन वेळचं जेवण, सीझनमध्ये राहायला खोली. काम रिसेप्शनचं.

मला करायचं आहे. पण बाबा म्हणतात, रात्रीची ड्युटी असली तर नाही. त्यांना लोकांच्या बोलण्याची भीती नाही, रस्त्याची आहे. आमच्याकडे मोहफुलं वेचायला गेलेल्या एका बाईवर वाघानं झडप घातली होती. तेव्हापासून दिवेलागणीनंतर ते आम्हाला अंगणाच्या बाहेर जाऊ देत नाहीत, आणि त्यांचं चुकते असं मला वाटत नाही. आईचं वेगळं आहे. ती म्हणते, पोरीनं हॉटेलात बसणं बरं नाही दिसत, पोस्टात बस, बँकेत बस.

आणि माझी भीती इंग्रजीची. वाचता येते, लिहिता येते, पण बोलायची वेळ आली की जीभ अडते. तिथं मुंबई-पुण्याचे लोक येतात, बाहेर देशातले येतात. कोणी चिडलं, ओरडलं तर काय बोलायचं?

मॅनेजर म्हणतात, शिकून जाशील. पण शिकायचं नेमकं काय असते? काउंटरवर दिवसभर काय चालते? जे स्वतः काउंटरवर बसले आहेत त्यांनी सांगावं, ही विनंती.

पळसफूल

पोरी, घे नोकरी. पण कागद हातात आल्याशिवाय खुर्चीवर बसू नको.

मी ताडोब्याच्याच एका गेटाजवळ काउंटरवर असते. लग्नाच्या आधीपासून बसून राहिली, आता माझी मुलगी शाळेत जाते. तू विचारलं ते सगळं सांगते. लांब होईल, पण वाच.

इंग्रजीचं आधी डोक्यातून काढ. येणारे बहुतेक लोक नागपूर, पुणे, मुंबई, हैदराबादकडचे. हिंदी-मराठीत भागते. विदेशी पाहुणे आले तर बहुतेक वेळा त्यांच्यासोबत टूरवाल्यांचा माणूस असतो. तुला लागणारी वाक्यं थोडी आहेत आणि रोज तीच आहेत: गरम पाणी किती वाजता येईल, सकाळी कधी उठवू, नाश्ता बांधून देऊ का, बिल कोणाच्या नावानं करू. वहीत लिही, रात्री घरात मोठ्यानं म्हण. जीभ म्हटल्यानंच सुटते, मनात घोकून नाही सुटत.

खरं काम दुसरं आहे. जंगलाजवळच्या हॉटेलात फोनवर बुकिंग घेताना पहिला प्रश्न "किती माणसं" हा नाही विचारायचा. "सफारी कोणत्या गेटाची आहे?" हा विचारायचा. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, पांगडी, झरी, इतकी गेटं एकट्या कोअरची, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाची. बफरची, म्हणजे त्याच्या भोवतीच्या जंगलाची, आगरझरी, देवाडा, जुनोना आणि आणखी वेगळी. बाहेरच्या माणसाला वाटते ताडोब्याला एकच दार आहे. तो सफारी काढतो कोलाऱ्याची, कारण तिथं सीट दिसली, आणि खोली घेतो मोहर्लीत, कारण फोटो आवडला. कोलारा पडलं चिमूरकडे. जंगलातून तिकडे जाऊ देत नाहीत, बाहेरून मोठा वळसा आहे. हे त्याला पहाटे तुझ्यासमोर उभं राहून कळलं तर सफारी गेली, पैसे गेले, सोबतची लहान लेकरं रडतात. त्याचा राग मग तुझ्यावर निघते, आणि त्या घडीला तुझ्या हातात काहीच नसते. बुकिंगच्या वेळी विचारलं असतं तर त्यानं खोली तरी बदलली असती, नाहीतर आदल्या रात्रीच कोलाऱ्याकडे मुक्काम केला असता. त्या एका प्रश्नाचं मोल मोठं आहे.

मंगळवारी कोअर बंद असते, तेही लोकांना ठाऊक नसते. सोमवार-मंगळवारची खोली कोणी मागितली की आपण होऊन सांगायचं. खोली रिकामी राहील म्हणून गप्प बसायचं नाही. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद, बफरचं त्या त्या वेळी पाऊस आणि रस्ता पाहून.

मग ओळखपत्र. सफारीचं बुकिंग ज्या कार्डावर झालं तेच कार्ड, तेही ओरिजिनल, गेटवर दाखवावं लागते. लोक म्हणतात मोबाईलमध्ये फोटो आहे. अहो, मोबाईल तर सफारीत नेताच येत नाही. म्हणून चेक-इनला मी कार्ड पाहून रजिस्टर भरते आणि कार्ड परत देतानाच सांगते, हे बॅगेत नका ठेवू, सकाळी अंगावर जे जॅकेट घालणार आहात त्याच्या खिशात आत्ताच टाका. ऐकणाऱ्याला थोडं जास्त वाटते. पहाटेच्या अंधारात बॅगा उपसणारी माणसं ज्यानं पाहिली, त्याला नाही वाटत.

संध्याकाळी एक यादी करायची. खोली, माणसं, गेट, जिप्सीवाल्याचा नंबर, उठवायची वेळ, नाश्त्याची पाकिटं किती, त्यात गोड न खाणारं कोणी आहे का. एक प्रत किचनमध्ये, एक रात्रीच्या माणसाजवळ. उठवताना नुसती फोनची रिंग देऊन होत नाही. माणूस "हो" म्हणतो आणि परत झोपतो. दारावर थाप मारायची आणि आत लाईट लागेपर्यंत थांबायचं. ऋतूप्रमाणे गेटाची वेळ मागेपुढे होते, तेव्हा वेळ रोज पक्की करून मगच यादीत लिहायची, कालची पाहून नाही.

"वाघ दिसेल का?" हे तुला दिवसातून कितीदा तरी ऐकावं लागेल. "दिसेल" कधीच म्हणू नको, कोणी कितीही गोड बोललं तरी. काही हॉटेलवाले तसं म्हणतात, मग नाही दिसला की तोच माणूस येऊन गाईडला शिव्या देतो. आमच्या इथल्या पोरी गाईड झाल्या आहेत, उन्हातान्हात जिप्सीत उभ्या राहतात. त्यांनी वाघ लपवून ठेवला नसतो. परत आलेल्या माणसाला आधी पाणी दे, बसव, आणि काय काय पाहिलं ते विचार. रानकुत्रे पाहिले? गवा पाहिला? तळ्यात मगर होती का? तळ्याच्या काठी ताडोबा देवाचं ठाणं आहे, तिथं पौषात जत्रा भरते, आदिवासी लोक लांबून लांबून येतात, हे सांग. तू ज्या मातीतली आहेस तिथलंच तो पाहून आला आहे. तू बोलायला लागली की तो माणूस खुर्चीत निवांत बसतो, हे मी खूपदा पाहिलं आहे. चंद्रपूरहून किंवा दिल्लीहून आलेला हॉटेल मॅनेजमेंटवाला हे नाही सांगू शकत.

कागदाचं. देशातला पाहुणा असला तर खोलीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र पाहायचं, एकाचं घेऊन चारजण आत सोडायचे नाहीत. आधार, मतदान कार्ड, लायसन, पासपोर्ट यातलं काहीही. पॅनवर पत्ता नसतो, म्हणून आम्ही ते घेत नाही. कोणी आधारचे आधीचे आकडे झाकलेलं, शेवटचे चारच दिसणारं कार्ड दिलं तर वाद घालू नको, तेही आधारच आहे. आणि कोणाच्याही कार्डाचा फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवायचा नाही, स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही. विदेशी पाहुणा आला की त्याची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म, आपण त्याला सी फॉर्म म्हणतो, २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावा लागते. नेट आमच्याकडे केव्हाही जाते, म्हणून तो खोलीत जाताक्षणी भरायला घ्यायचा. यात एक गोष्ट बरेच जण विसरतात. माणूस नागपूरचा असतो, मराठी तुझ्या-माझ्यासारखं बोलतो, मामाकडे लग्नाला म्हणून आलेला असतो, पण पासपोर्ट अमेरिकेचा असतो. त्याचाही सी फॉर्म लागते.

बिलावर सध्या जास्त भांडण जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारापर्यंतच्या खोलीला ५ टक्के आणि त्याच्या वरच्या खोलीला १८ टक्के आहे. आधी खालच्या खोलीला १२ होता. जुनं बिल घेऊन लोक येतात, नाहीतर वरच्या खोलीवाला म्हणतो मलाही ५ लावा. दर छापून काउंटरवर ठेव, तोंडानं सांगत बसू नको. आणि सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात जोडता येत नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच तसं सांगितलं आहे. मॅनेजर जोड म्हणाला तर विचार, कोणत्या नियमानं.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते.

आपल्याकडच्या बाया खोल्या झाडतात, पोरं जिप्सी चालवतात, बगिच्याला पाणी देतात. आणि काउंटरवर बाहेरचा माणूस बसतो. तक्रार तो ऐकतो, रजिस्टर तो लिहितो, मालकाशी तो बोलतो. एखाद्या पाहुण्याचं काही हरवलं की पहिला संशय खोली झाडणाऱ्या बाईवर. मी नवीन होती तेव्हा एका पाहुणीची अंगठी सापडत नव्हती. तेव्हाच्या मॅनेजरनं दोन बायांना उन्हात उभं करून ठेवलं, त्यांच्या पिशव्या सगळ्यांसमोर उलट्या केल्या. त्यातली एक माझ्या चुलतसासूच्या वयाची. अंगठी नंतर त्या पाहुणीच्याच स्वेटरच्या खिशात सापडली. ती सॉरी म्हणाली, मॅनेजरला म्हणाली, त्या बायांना नाही.

माझ्या हातात काउंटर आलं तेव्हा मी एक रजिस्टर सुरू केलं. खोलीत काहीही सापडलं, चार्जर असो, लेकराचा मोजा असो, बाई ते घेऊन थेट काउंटरवर येते. तारीख, खोली नंबर, वस्तू, तिची सही, माझी सही. काही हरवल्याची तक्रार आली की मी आधी पाहुण्यासोबत त्याची गाडी पाहते, कपडे पाहते, मग हे रजिस्टर उघडते. कोणाची पिशवी उलटी होत नाही. टिपचा डबाही काउंटरवर ठेवला आहे, महिन्याच्या शेवटी सगळ्यांसमोर उघडते आणि भांडी घासणाऱ्यापासून सगळ्यांत वाटते. यासाठी कोणती डिग्री लागत नाही. खुर्चीवर आपलं माणूस लागते. तुझ्या गावच्या बाया तिथं आहेत म्हणतेस. त्यांच्यासाठी तरी तू ही खुर्ची सोडू नको असं मला मनापासून वाटते.

बाबांचं म्हणणं मात्र सोळा आणे खरं आहे. अंधारात त्या रस्त्यानं टू-व्हीलरवर यायचं नाही, कोणी सोडून देतो म्हटलं तरी नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात कामाला ठेवायचं तर तिची स्वतःची संमती लागते, सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची, आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचवायची सोयही त्यानंच करायची. छोट्या ठिकाणी यातली सगळी कलमं लागत नाहीत, म्हणून कायद्यावर सोडू नको, नेमणुकीच्या पत्रातच लिहून घे. "रात्रीची ड्युटी नाही, संध्याकाळी उशीर झाला तर चारचाकीनं घरी सोडणे." मालकाला जिप्सीवाले मिळतात तर तुझ्यासाठी गाडीही मिळेल.

स्टेशनरोड

ताईनं लय बराबर सांगतलं. मी शेगावले लॉजवर काउंटरले हाओ, आमच्याकडं वाघ नाही, गर्दी हाये. गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, प्रकटदिनाले, ऋषिपंचमीले तर रस्त्यात पाय ठेवाले जागा राहत नाही. संस्थानचं भक्तनिवास भरलं की लोकं आमच्याकडं येतात. तुमच्याकडं पाहुणा गाडीनं येते, आमच्याकडं रेल्वेनं येते, म्हणजे रात्रीचे दोन असो का तीन असो, म्हातारी माय, कडेवर लेकरू, हातात पिशव्या घेऊन माणूस दारात उभा. त्याले खोली नाही पाह्यजे राहत, आंघोळ करून काकड्याले जायचं राहते. म्हणून आमच्या मालकाले मी सांगून सांगून चार खोल्या फक्त आंघोळीपुरत्या, थोड्या पैशात देणं सुरू केलं. मालकाचं नुकसान नाही झालं आणि म्हातारे लोकं फलाटावर थंडीत बसाचे थांबले.

बहिणी, दोन-तीन गोष्टी सांगतो, त्या ताईनं नाही लिहिल्या.

चेकआउटचा हिशेब बारा वाजताचा हाये का चोवीस तासाचा, हे पैसे घ्यायच्या आधी तोंडानं सांगाचं आणि पावतीवर लिहाचं. आमच्याकडं निम्मी भांडणं याच्यावरून होतात. रात्री तीनले आलेला माणूस दुपारी बाराले खोली सोड म्हटलं तर तापणारच, तुम्ही-मी असतो तरी तापलो असतो.

पैशाचं. समोरच्यानं मोबाईल दाखवला, "पाठवले" म्हटलं, तं ते मानाचं नाही. आपल्या खात्यात आल्याचा मेसेज नाहीतर स्पीकरचा आवाज, तोच खरा. आणि एक फोन तुमाले येणारच येणार. "मी सैन्यातून बोलतो, आमचे जवान येऊन राहिले, दहा खोल्या पाह्यजे, अ‍ॅडव्हान्स टाकतो, हा क्यूआर स्कॅन करा." स्कॅन करून आणि पिन टाकून पैसे येत नाहीत, जातात. पिन फक्त देणाऱ्याले लागतो. हे काउंटरवर मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवा, नवीन पोरं घाईत फसतात. गेलेच तं १९३० ले ताबडतोब फोन.

आणि हे बाई माणसासाठी लय महत्त्वाचं. एकटी बाई खोली घ्याले आली तं तिचा खोली नंबर मोठ्यानं बोलाचा नाही. चावी देतांनी कागदावर लिहून दाखवाचा. फोनवर कोणीबी इचारलं, अमुक नावाचा माणूस थांबला का, कोणत्या खोलीत हाये, तं सांगाचं नाही, मंग तो भाऊ म्हणो का नवरा म्हणो. निरोप घ्याचा, पाहुण्याले द्याचा, त्याले वाटलं तं तो करते फोन.

पोरीनं हॉटेलात बसणं बरं नाही दिसत म्हणते तुमची माय, तं तिले एकदा संगं नेऊन काउंटर दाखवा. आमच्याकडं आता दिवसपाळीले एक पोरगी हाये. गावाहून आलेल्या बाया सरळ तिच्याजवळ जातात, आमच्याजवळ नाही येत. बाथरूमचं, दुखण्याखुपण्याचं, लेकराच्या दुधाचं, ज्या गोष्टी त्या मले कधीच नसत्या बोलल्या त्या तिले बोलतात.

गाविलगड

वरच्या दोघांचा अनुभव मोठा आहे, पण "घे" म्हणण्याआधी मी थांबलो असतो. मी चिखलदऱ्याला होतो. आमचा सीझन तुमच्या उलटा. तुमचा कोअर बंद होतो त्याच पावसाळ्यात आमच्याकडे धुकं पाहायला गाड्यांची रांग लागते, १५ ऑगस्टच्या आसपास तर खोलीसाठी लोक हात जोडतात. आणि दिवाळीनंतर, थंडीची गर्दी ओसरली की मालक म्हणतो, आता घरी जा, बोलावतो. बोलावतोच असं नाही. परतवाड्याला जाऊन काम शोधायचं, पुढच्या पावसाळ्यात परत चढायचं. माझ्यासोबतची कोरकू पोरं तर पगार बुडाल्यावर मालकाला विचारायलाही घाबरायची.

म्हणून ताई, हे विचारा. बारा हजार बारा महिने की फक्त सीझनचे? जुलै ते सप्टेंबर काय? जेवण आणि खोली पगाराच्या वर आहे की त्यातून कापणार? ड्युटी किती तासांची? जंगलाजवळच्या हॉटेलात पहाटेच्या सफारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत एकच माणूस बसवायची वाईट सवय आहे, दुपारी दोन तास आराम दिला की त्यांना वाटतं ड्युटी तुटली. कायद्यात आठवड्याचे ४८ तास आहेत, वर काम झालं तर दुप्पट दरानं पैसे आहेत, आठवड्याची सुट्टी आहे. वीस किंवा जास्त कामगार असतील तर पीएफ कापलाच पाहिजे, तुमच्या पगारातून १२ टक्के आणि तेवढेच मालकाचे. पगार खात्यात घ्या, हातात नको. हातात घेतलेल्या पगाराचा पुरावा नसतो, आणि पुढं कर्ज काढायचं, दुसरी नोकरी शोधायची तर तोच पुरावा लागतो.

एक कामाचं. फोनवर घेतलेलं बुकिंग आणि अ‍ॅपवरचं बुकिंग एकाच खोलीवर पडू शकतं. आमच्याकडे नेट धुक्यात जायचं, अ‍ॅपवर खोली उघडीच राहायची, आणि पावसात भिजलेली दोन कुटुंबं एका चावीसाठी उभी राहायची. फोनवर खोली दिली की आधी अ‍ॅपवर ती बंद करा, मग फोन ठेवा. नेटचा भरवसा नसेल तर दोन खोल्या अ‍ॅपवर टाकूच नका. मालक कुरकुरेल. दारात उभ्या कुटुंबाला तोंड मालकाला द्यावं लागत नाही, तुम्हाला लागतं.

इरई_काठची

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दारापर्यंत सोडायचं कलम ऐकल्यावर ते म्हणाले, लिहून देत असतील तर मी स्वतः मॅनेजरला भेटतो. आई काही बोलली नाही, पण अंगठीचं ऐकून तिच्या डोळ्यात पाणी आलं. त्या बाया आमच्या शेजारच्याच असू शकल्या असत्या ना.

पळसफूल ताई, अजून दोन विचारते. लग्न न झालेले दोघं आले तर खोली द्यायची का? गावात बोलतात की पोलीस धरतात. आणि कोणी खरंच अंगावर आल्यासारखं ओरडलं, किंवा वाईट नजरेनं बोललं, तर?

पळसफूल

दोघंही अठराच्या वरचे असले, दोघांचं ओळखपत्र असलं, तर द्यायची. लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहू नये असा कायदा नाही. मद्रास हायकोर्टानं डिसेंबर २०१९ मध्ये कोइंबतूरच्या प्रकरणात हे स्पष्ट म्हटलं आहे. पोलीस रजिस्टर पाहायला येतात, तुझं रजिस्टर पूर्ण असलं पाहिजे. एक मात्र डोळ्यात तेल घालून पाहा. पोरगी लहान वाटली, घाबरलेली वाटली, सोबतचा माणूस तिला बोलूच देत नसला, कार्ड नंतर देतो म्हणाला, तर खोली द्यायची नाही, आणि ११२ ला फोन करायचा. मालक काय म्हणेल हा विचार तेव्हा करायचा नाही.

ओरडणाऱ्याचं असं, की बहुतेक माणूस थकलेला असतो. प्रवास झाला, ऊन अठ्ठेचाळीसकडे गेलेलं, एसी बंद पडलेला. त्याला मध्येच तोडू नको. पूर्ण बोलू दे, मग काय करते आणि किती वेळात करते ते सांग, आणि तेवढ्या वेळात कर. जनरेटर सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात तर पाच नको सांगू. चूक हॉटेलची असली तर माफी माग, नसली तर मागू नको, शांतपणे नियम दाखव.

पण वाईट नजरेनं बोलणारा वेगळा. तिथं गोड बोलायची काही गरज नाही. उभी राहा, वॉचमनला नावानं हाक मार, आणि मॅनेजरला बोलाव. काउंटर ओलांडून कोणी आत येत असला तर तू बाहेर निघ. तारीख-वेळ लॉगबुकमध्ये लिही, दुसऱ्या पाळीलाही कळू दे. दहा किंवा जास्त लोक कामाला असतील तर कामाच्या जागी बायांच्या छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं आतली तक्रार समिती असलीच पाहिजे, त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असली तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुलाखतीतच विचार, समितीत कोण आहे. उत्तर देताना मॅनेजर अडखळला तर तुला त्या जागेचं पुष्कळ कळून जाईल.

अजून एक, जंगलाजवळ आहेस म्हणून. रात्री पाहुण्यांना खोलीबाहेर फिरायला, फोटो काढायला जाऊ द्यायचं नाही, कितीही मोठा माणूस असो. खोलीत साप निघाला तर दार लावून घ्यायला सांग, सर्पमित्राचा नंबर आणि वन विभागाचा १९२६ काउंटरच्या काचेखाली ठेव. चावला तर झाडपाला नाही, १०८ ला फोन आणि गाडी तयार.

गाविलगड भाऊंनी विचारलेलं सगळं विचार, त्यांचं बरोबर आहे. पावसाळ्याचे तीन महिने मालक अर्ध्या पगारावर ठेवतो म्हणाला तर तेही आकड्यात लिहून घे. बाबांना मंगळवारी घेऊन जा. कोअर बंद असते, पाहुणे कमी असतात, मॅनेजर टेबलावर सापडतो आणि पत्र तिथल्या तिथं टाइप होते. टाइप तूच करून दे, म्हणजे एकही ओळ सुटणार नाही.